वटवट्या गेला, की माझे कान?

निघताना ह्यांनी दारातच अडवलं. "अगं, कानाचा डॉक्टर स्टेशनाजवळच बसतो. अर्ध्या तासाचं काम. त्यासाठी ठाणं आणि खडवली कशाला?"

"डॉक्टर मला माझ्या कानांचं सांगेल," मी पाण्याची बाटली पिशवीत कोंबत म्हटलं. "पाखराचं कोण सांगणार?"

हे हसले आणि बाजूला झाले. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर माणसाला कुठे बाजूला व्हायचं ते कळतं.

पाखरू म्हणजे राखी वटवट्या. चिमणीहून लहान, पाठ राखाडी, पोट तांबूस, शेपटी अंगाच्या मानाने लांब आणि सतत उभारलेली. किडे-अळ्या खातो. शेताचा बांध, खाडीचं गवत, सोसायटीतली तगर, सगळीकडे राहतो. देशात जिथे थोडं गवत आणि चार झुडपं आहेत तिथे तो असतोच, इतका साधा पक्षी. मात्र उंच गवतात तो दिसत नाही, ऐकू येतो. आम्ही सहा-सात जण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डोंबिवली पश्चिमेला, खाडीकाठच्या एका गवताळ पट्ट्यात पक्षी मोजतो. दिसणारे बाकीच्यांनी मोजायचे आणि ऐकू येणारे मी, अशी पहिल्यापासूनची वाटणी. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली. पलीकडच्या माणसाने नाव सांगायच्या आधी, नुसत्या श्वासावरून मी त्याला ओळखत असे. तेव्हा माझ्या कानांवर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती.

गेली दोन वर्षं मी आमच्या मोजणीच्या वहीत वटवट्यापुढे 'नाही' लिहीत होते. मागच्या रविवारी आमच्यातला समीर, वयाने माझ्या मुलाएवढा, हळूच म्हणाला, "काकू, वटवट्या ओरडतोय की. त्या बाभळीच्या मागे."

मी कान टवकारले. काही नाही. "अरे, मनातले पक्षी मोजायचे नसतात," मी सगळ्यांसमोर त्याला फटकारलं आणि 'नाही' लिहिलं. बाकीचे जमिनीकडे बघत होते. घरी आल्यावर मला ते त्यांचं खाली बघणं छळायला लागलं. दुसऱ्या दिवशी हे आतून ओरडले, "अगं, मशिन कधीचं बोंबलतंय, कपडे काढ!" त्या वॉशिंग मशिनची शिटी वाजत नाही म्हणून मी दोनदा मेकॅनिक बोलावला होता. दोन्ही वेळा तो "वाजतंय की मॅडम" म्हणाला आणि दोन्ही वेळा मी त्याला अडाणी ठरवलं होतं.

ती वही पुढच्या महिन्यात महापालिकेच्या कचेरीत द्यायची होती. पट्ट्याचा कुठला भाग राखायचा आणि कुठे मातीचा भराव टाकायचा, ते ठरवताना ती पाहिली जाणार होती. म्हणजे प्रश्न एकच होता: वटवट्या गेला, की माझे कान? त्याचं उत्तर पट्ट्यात मिळणार नव्हतं. जिथे वटवट्या हमखास आहे अशा दोन जागी जायचं मी ठरवलं. तिथे ऐकू आला तर माझे कान शाबूत आणि पट्ट्यातला पक्षी खरंच गेला. तिथेही ऐकू आला नाही, तर मग काय ते उघडच होतं. नवरात्राचा तिसरा दिवस होता. मी एकटीच निघाले, म्हणजे 'तो बघ ओरडतोय' असं कुणी सुचवायला नको.

ठाण्याला सातच्या आत उतरले आणि कोपरीच्या पुढे खाडीलगत गेले. तिथे बंद पडलेली मिठागरं आहेत. वटवट्या मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो तिथेच, लग्नाआधी. आता बांधांवर गवत माजलंय आणि पलीकडे उंच इमारतींची रांग उभी आहे. बांधावर एक पांढऱ्या मिशांचे आजोबा काठी पाठीमागे आडवी धरून फिरत होते. पायात महागडे बूट, अंगात मळका सदरा.

"काय शोदताव बाय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ते एकदम खुलले. ह्याच मिठागरात त्यांनी तरुणपणी मीठ ओढलं होतं. आता त्या समोरच्या इमारतींपैकी एकीत त्यांच्या मुलांचे चार फ्लॅट आहेत. "पन मना वर झोप नाय लागत," ते म्हणाले. "सकालशी यं येतंय, बांदावर दोन फेऱ्या मारतंय, मंग बरा वाटतं. तुमचा ता बारका पाखरू? ता तर रोज हाय. आता पन वाजतंय, आयकताव ना?"

मी ऐकत होते. जिवाच्या आकांताने ऐकत होते. हायवेची घरघर होती, वारा होता, लांब कुठेतरी पंप चालू होता. आजोबांचा खर्जातला आवाज तर स्वच्छ ऐकू येत होता. पाखरू नव्हतं.

"ट्रॅफिक फार आहे हो," मी म्हटलं.

"ट्राफिक तर हाय," ते भल्या मनाने म्हणाले.

जरा जवळ जाऊन ऐकावं म्हणून मी बांधावरून खाली पाऊल टाकलं आणि चिखलात गुडघ्यापर्यंत गेले. आजोबांनी हात धरून ओढलं. मी आले, डावी चप्पल आली नाही. त्यांनी काठीने बराच वेळ चिखल ढवळला. "खाडीनी घेतला ता घेतला," असा निकाल देऊन त्यांनी काठी पुसली. एका चपलेचं करायचं काय? ती मी तिथल्या कचरापेटीत टाकली आणि अनवाणी निघाले.

कोपरीतून रिक्षाने खोपटच्या डेपोत आले. कल्याणकडे जाणारी एसटी लागलेलीच होती. चढताना कंडक्टरने माझ्या पायांकडे पाहिलं आणि त्याची भाषाच बदलली. "या मावशी, सावकाश. पुढे बसा." पुढच्या सीटवरच्या मुलीने उठून जागा दिली. तीही अनवाणी होती. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला माजिवडा आलं. नवरात्रात अनवाणी राहायचं व्रत आमच्याकडे कितीतरी जणी करतात, आणि मी त्यांतली एक ठरले होते.

"कितवं वर्ष?" मुलीने विचारलं.

"पहिलंच," मी म्हटलं. खोटं बोलायचं नव्हतं, पण खाडीचा चिखल आणि वटवट्या एवढं सगळं एसटीत कुठे सांगत बसणार?

"काही मागितलंयत?"

ह्याचं मात्र मी खरं उत्तर दिलं. "एक आवाज ऐकायचाय."

तिने मोठ्या श्रद्धेने मान डोलावली. तिला काय वाटलं देव जाणे.

कल्याणला उतरल्यावर आधी पोटोबा. बाजारपेठेच्या तोंडाशी एका हॉटेलात साबुदाणा खिचडी मागवली, कारण अनवाणी बाईने मिसळ मागवली असती तर पोऱ्याने 'उपवासाचे पदार्थ' ह्या पाटीकडे बोट दाखवलं असतं. मग चपलांच्या दुकानात शिरले. दुकानदार पन्नाशीचा, कपाळाला कुंकू लावलेला. मी साधी रबरी स्लीपर मागितली. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं आणि हात जोडले.

"काकी, आज तिसरीच माळ. अशी मधेच मोडू नका. मी विकणार नाय."

"अहो, माझं व्रत नाही. माझी चप्पल चिखलात गेली."

"सगळे असंच काहीतरी सांगतात," तो मायेने म्हणाला. "पाय पोळतात, माहितीय मला. माझी बायको पण करते. धीर धरा."

मी समजावलं, चिडले, पाय दाखवले. वाळलेला चिखल अजून तसाच होता. शेवटी त्याने तडजोड काढली. स्लीपर कागदात गुंडाळली, वर दोरी बांधली आणि म्हणाला, "घ्या. पण वचन द्या, मागितलेलं मिळालं की मगच घालायची."

आता मीही काही कमी हट्टी नाही. दुकानाच्या बाहेर पाऊल टाकताच घालणार होते. पण दोरी सोडता सोडता मनात आलं, चला, हेही एक बघू. आवाज ऐकला की घालीन. पुडकं पिशवीत टाकलं आणि तशीच कसाऱ्याच्या गाडीत बसले.

खडवलीला उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. स्टेशनाबाहेर चार दुकानं, पुढे नदीकडे जाणारा रस्ता. नदीकडे न जाता मी उजवीकडच्या माळाला लागले. ह्या माळावर मी वटवट्या शेवटचा ऐकला होता, तीन वर्षांपूर्वी, ह्यांच्यासोबत. नक्की ऐकला होता. तो कसा ओरडतो त्याची नक्कल करून मी ह्यांना दिवसभर पिडलं होतं. आता माळावर कमरेएवढं गवत होतं, वरून पिवळं पडू लागलेलं, वाऱ्यावर डुलणारं. इथे हायवे नव्हता. पंप नव्हता. सबब सांगायला काहीच नव्हतं.

पायवाटेच्या टोकाला एक जोडपं गवत कापायच्या तयारीत होतं. बाई पन्नाशीची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कमरेला विळा. तिचं नाव हिराबाय आणि नवऱ्याचं बाळाराम. गवत कापून, भारे बांधून कल्याणच्या तबेल्यांना द्यायचं, हे त्यांचं दर वर्षीचं काम. मला अनवाणी येताना बघून हिराबाय लांबूनच ओरडली, "ओ बाय! थांबा थं! पायांत काय नाय तुमचे?"

"नवरात्र," मी म्हटलं. एव्हाना सवय झाली होती.

"आन पिशवीत काय हाय?"

"स्लीपर."

"मंग घाला की! फुरसा नवस बगत नाय." फुरसं म्हणजे छोटा पण जहाल विषारी साप. मी मुकाट्याने दोरी सोडली आणि स्लीपर घातली. आवाज ऐकायच्या आधीच माझं वचन मोडलं होतं, पण ते फुरशासाठी, असं मी मनाशी म्हटलं.

दोघं भाकरी खायला बसत होते. मलाही बसवलं. तांदळाची भाकरी, लाल माठाची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. "नवरात्र हाय म्हनून सुकटीला सुट्टी," बाळाराम दु:खाने म्हणाले. मी खाता खाता कशाला आले ते सांगितलं. हिराबायने हात धुतले आणि माझ्या खांद्यावरून समोर बोट केलं.

"ता काय. बगा कसा कोकलतंय. सकालपासना डोका उठवलान."

पंधरा-वीस पावलांवर, गवतातून वर आलेल्या एका झुडपाच्या शेंड्यावर तो बसला होता. राखी पाठ, तांबूस पोट, शेपटी उभी. दुर्बिणीची गरजच नव्हती, तरी मी लावली. त्याची चोच उघडत होती, मिटत होती. गळा थरथरत होता. सगळं अंग त्या ओरडण्याने हलत होतं. आणि आवाज नव्हता. टीव्हीचा आवाज बंद करून गाणारं माणूस पाहावं तसं.

मी दुर्बीण खाली केली, पुन्हा लावली. हाताने कान झाकले, उघडले. त्याचं आपलं चालूच होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते थांबवलं नाही. ज्या कानांवर मी भाकरी कमावली, ज्यांच्या जोरावर त्या बिचाऱ्या समीरला चारचौघांत फटकारलं, ते कान मला न सांगता निघून गेले होते. मला त्यांचा राग आला, स्वतःची लाज वाटली आणि खूप एकटं वाटलं.

"मला ऐकू येत नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलत होते.

"काय?"

"तो ओरडतोय ना? मला ऐकूच येत नाही हो तो."

हिराबायने माझ्याकडे बघितलं. कीव नव्हती तिच्या नजरेत. काम मोजल्यासारखं बघत होती. मग एक जाड दोरखंड उचलून त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. "नाय येत तं नाय येत. दोर धरा. ह्याना जरा पडू दे, ह्याची कंबर दुखतंय."

बाळाराम लगेच झाडाखाली आडवे झाले.

दोर फिरवणं ही त्यांची कापणीच्या आधीची रीत. दोघांनी दोन टोकं धरायची आणि गवताच्या शेंड्यांवरून दोर ओढत सगळा तुकडा चालायचा. गवत हलतं, फुरसं असलं तर निघून जातं. पाखरं उडतात. बहुतेक पाखरं उडून लांब जातात. एखादं मात्र जात नाही, तिथेच डोक्याभोवती घिरट्या घालत राहतं. तिथे घरटं. तिथे थांबायचं, चार बाजूंचं गवत वर ओढून त्याची गाठ मारायची आणि तेवढा झुबका सोडून बाकीचं कापायचं. "अंडी विल्याखाली आली तं वरीसभर विला चालत नाय," हिराबाय म्हणाली. "माजी सासू सांगायची. आता चालतंय का नाय, कोन जानं. पन कशाला बगा?"

आम्ही चालू लागलो. गवत दोराखाली वाकत होतं आणि पुन्हा उभं राहत होतं. माझ्या पोटऱ्यांना काडं कापत होती. एक लावा भर्रकन उडून गेला. मी नाकासमोर बघून दोर ओढत होते, निदान हे तरी नीट करावं म्हणून. त्या झुडपाला दोर लागला आणि पाखरू उडालं.

टक्.

मी थबकले. दोर ताणला गेला.

टक्, टक्, टक्.

वटवट्या माझ्या डोक्यावर होता, हातभर उंचीवर, वेडावाकडा उडत. आणि उडताना तो पंखांनी तो आवाज करत होता, चिडला की करतो तो. पुस्तकातून मला हा आवाज माहीत होता. प्रत्यक्षात त्याच्या गाण्यापुढे मी कधी त्याकडे लक्षच दिलं नव्हतं. कोरडा, ठळक, एक्स्चेंजच्या बोर्डात कॉर्डचं टोक बसायचं तसा.

"हिराबाय!" मी किंचाळले. "ऐकलं! मी ऐकलं! हा टक् टक्, हा मला येतोय!"

"दोर नका सोडू!" ती तिकडून किंचाळली.

झुडपात दोन पानं कडेला शिवून केलेली एक इवलीशी पिशवी होती. तीत तीन अंडी, भाजलेल्या विटेच्या रंगाची, तेल लावल्यासारखी चकाकणारी. आम्ही एकदाच डोकावलो. गवताची गाठ मला मारू द्या, असं मी म्हटलं. हिराबायने माझी पहिली गाठ सोडून टाकली, कारण ती सैल होती. दुसरी तिने चालवून घेतली. मग ती कापायला बसली. आम्ही दूर झाल्यावर थोड्या वेळाने पाखरू परत शेंड्यावर आलं आणि चोच उघडून ओरडू लागलं. मी ते बघत उभी राहिले. ऐकू येत नव्हतंच. पण आता तो ओरडतोय हे मला माहीत होतं.

परतीच्या गाडीची वाट बघताना खडवलीच्या फलाटावरून समीरला फोन केला.

"काकू, काय झालं?"

"बाभळीच्या मागे होता. तू बरोबर होतास. मी चुकले, आणि सगळ्यांसमोर बोलले. पुढच्या मोजणीला सगळ्यांसमोरच माफी मागणारेय."

"अहो काकू, सोडा ना, काय एवढं," तो गडबडला.

"सोडणार नाही. आणि माझं ऐकायचं काम तुझं झालं. दर वेळी माझ्या शेजारी उभं राहायचं."

घरी आले. ह्यांनी माझी नवी स्लीपर बघितली, तोंड बघितलं आणि चहा टाकला. चहा पिऊन मी म्हटलं, "उद्या तुमच्या त्या डॉक्टरकडे जाऊ. आणि मशिनवाल्याचा नंबर द्या, त्याला सॉरी म्हणायचंय." मग वही काढली. दोन वर्षांच्या पानांवर, वटवट्यापुढे, माझ्या वळणदार अक्षरात 'नाही', 'नाही', 'नाही'. मी ते खोडलं नाही. खोडलं तर वहीवर कोण विश्वास ठेवणार? प्रत्येक 'नाही'च्या पुढे लिहिलं, 'मोजणाऱ्या बाईंना ऐकू आला नाही. पक्षी नव्हता असे समजू नये.' आणि प्रत्येक ठिकाणी सही केली. हात दुखला, पण एकही सोडली नाही.

पुढच्या मोजणीच्या रविवारी आम्ही पट्ट्यात उभे होतो. माफी मागून झाली होती. सगळे पुन्हा जमिनीकडे बघत होते, ह्या वेळी हसू दाबत. समीरने मान वळवली आणि बाभळीच्या डावीकडे बोट केलं. मी दुर्बीण लावली. गवताच्या शेंड्यावर शेपटी उभारून तो बसला होता, चोच सताड उघडी.

"अजून ओरडतोय?" मी विचारलं.

"थांबतच नाहीये, काकू."

मी वही उघडली आणि वटवट्यापुढे लिहिलं: 'आहे.'